साथ नवी असते तेव्हा: घरच्या घरी धोक्याचा हिशेब

मार्च २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात महाराष्ट्रातले पहिले कोविडरुग्ण पुण्यात सापडले आणि आमच्या घरात दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या जाऊ लागल्या. पेपर बंद झाला. नोटांवर इस्त्री फिरू लागली, त्यात दहाची एक नोट कडेने करपली. किराण्याच्या पिशव्या बाल्कनीत चोवीस तास ‘सोवळ्यात’ पडून असायच्या. आणि त्याच रविवारी नात्यातल्या एका डोहाळजेवणाला आम्ही चौदा माणसं एका हॉलमध्ये खिडक्या लावून, एसी चालू करून तीन तास बसलो. गाणी झाली, उखाणे झाले, आईला हसून हसून ठसका लागला. कोणी आजारी पडलं नाही, ते केवळ नशीब. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, तो हाच प्रकार.

खालचा हिशेब पुढच्या साथीसाठी मांडला आहे. ती फ्लूची असेल, आणखी कशाची असेल. पहिल्या काही आठवड्यांत माहिती अर्धी, अफवा दुप्पट आणि निर्णय मात्र रोजचे असतात: मुलीला शिकवणीला पाठवायचं का, आईच्या भिशीचं काय, लग्नाला जायचं का. ‘हे सुरक्षित आहे का’ या प्रश्नाला त्या दिवसांत उत्तर नसतं. ‘यात धोका किती, आणि त्या बदल्यात मिळतंय काय’ याला बऱ्यापैकी उत्तर काढता येतं.

पायरी १: आधी आजाराची ओळख

कागद घ्या आणि पाच प्रश्न लिहा. हा आजार कशातून पसरतो: हवा, पाणी, स्पर्श, की डास-पिसवा? लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत किती दिवस जातात? लक्षणं दिसण्याआधीच माणूस दुसऱ्याला आजार देतो का? कोणत्या वयाला, कोणत्या दुखण्याच्या माणसाला जास्त मारतो? आणि दवाखान्यात भरती व्हावं लागणाऱ्यांचं प्रमाण किती?

यातला तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत दुर्लक्षित. २००३ च्या सार्समध्ये (कोविडच्याच कुळातल्या विषाणूच्या साथीत) रुग्ण आजाराच्या साधारण दुसऱ्या आठवड्यात सर्वाधिक विषाणू सोडत असे, म्हणजे तोवर तो अंथरुणाला खिळलेला असायचा. म्हणून ताप मोजून माणसं बाजूला काढणं तिथे उपयोगी पडलं. कोविडमध्ये माणूस लक्षणांच्या दोनेक दिवस आधीपासूनच आजार वाटत फिरत होता. तरी मॉलच्या दारावर रखवालदार आपल्या कपाळावर बंदूक रोखत होता आणि ‘९६.४’ असं रजिस्टरात लिहून आत सोडत होता. मागच्या साथीचं हत्यार या साथीत चालेलच असं नाही.

उत्तरं सापडेपर्यंत काय करायचं? ज्या बाजूने चुकलो तर महागात पडेल, त्या बाजूने थोडं झुकायचं. पसरण्याचा मार्ग कळला नसेल तर पहिले दोन-तीन आठवडे हवा आणि हात, दोन्ही सांभाळा. मार्ग कळला की एक ओझं खाली ठेवा. आम्ही नेमकं हेच केलं नाही. हवेची गोष्ट स्पष्ट झाल्यावरही आमच्याकडे पिशव्या धुणं सहा महिने चालू होतं.

डोळे उघडे ठेवले तर सामान्य माणसालाही बरंच कळतं. १८९६-९७ च्या प्लेगमध्ये सरकार घरं तपासत होतं, सामान जाळत होतं, माणसांना वेगळं काढत होतं. उंदीर आणि पिसवांचा धागा पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत जुळवला तो १८९८ मध्ये. पण घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहायचं, हे आपल्याकडच्या लोकांनी अनुभवावरून ठरवून टाकलं होतं. कारण ठाऊक नव्हतं, निरीक्षण बरोबर होतं.

पायरी २: आकडे शिळे असतात, हे धरून वाचा

टीव्हीवर एकूण रुग्णसंख्या मोठ्या अक्षरांत दाखवतात. ती बघून उपयोग नाही. दर रविवारी आपल्या शहरातले त्या आठवड्यातले नवे रुग्ण कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहा. तीन-चार रविवार झाले की आकडा किती दिवसांत दुप्पट होतोय ते दिसेल. एवढी एकच गोष्ट पाहायची.

दुप्पट होण्याची ताकद आपल्या डोक्यात शिरत नाही. आज दहा रुग्ण आणि दर तीन दिवसांनी दुप्पट, तर महिन्याभरात दहा हजारांच्या वर. शिवाय आज छापलेला रुग्ण आज आजारी पडलेला नसतो. लागण होऊन लक्षणं यायला (मूळ कोविडमध्ये सरासरी पाच-सहा दिवस), मग तपासणीला, मग अहवालाला वेळ जातो. साधारण दहा दिवस धरले आणि साथ चार दिवसांत दुप्पट होत असेल, तर आजच्या घडीला लागण झालेली माणसं छापील आकड्याच्या साडेपाच-पावणेसहा पट असतात. ज्यांची तपासणीच झाली नाही ते निराळे. ‘आपल्या भागात फक्त तीनच सापडलेत’ हे वाक्य म्हणून फसवं आहे.

दुसरा कामाचा आकडा: शंभर तपासण्यांत किती जण बाधित निघतात. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पाच टक्क्यांच्या खाली हे प्रमाण दोन आठवडे राहिलं तर साथ आटोक्यात समजायला हरकत नाही, असा एक निकष सांगितला होता. प्रमाण वीस-पंचवीसच्या घरात गेलं की बरेचसे रुग्ण मोजणीच्या बाहेर राहिलेत असं समजा.

पायरी ३: घरातला सगळ्यांत कच्चा दुवा शोधा

पुन्हा कागद. घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, शुगर, बीपी, दमा, गरोदरपण, चालू असलेली केमो किंवा स्टिरॉइड. घराचा नियम यातल्या सर्वांत नाजूक माणसावरून ठरतो.

वय किती फरक पाडतं, ते पाहा. लस येण्यापूर्वीच्या कोविडमध्ये, प्रामुख्याने श्रीमंत देशांतल्या अभ्यासांवरून काढलेला अंदाज असा: पंचविशीतल्या दहा हजार बाधितांमागे एखादा मृत्यू, पंचावन्नच्या वयात हजारामागे चार, पासष्टला चौदा, पंचाहत्तरला शेहेचाळीस, पंच्याऐंशीला दीडशे. एकाच डायनिंग टेबलावर बसलेल्या नातीच्या आणि आजीच्या धोक्यात काहीशे पटींचा फरक होता. नात म्हणत होती, ‘मला काय होतंय!’ तिच्यापुरतं ते खरंही होतं.

हे गणित प्रत्येक साथीला लागू होत नाही, हेही लक्षात ठेवा. १९१८ च्या फ्लूने वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांना गाठलं होतं. शिवाय त्या जूनमध्ये मुंबईत आलेली पहिली लाट त्या मानाने सौम्य होती, सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी भयंकर ठरली. ‘आली तशी गेली’ म्हणायची घाई नको.

कच्चा दुवा सापडला की बाहेरची कामं कोणी करायची ते ठरवा. आमच्याकडे ७४ वर्षांची, शुगर असलेली आई. त्यामुळे बाहेर जाणारा मी एकटा आणि घरात आईची खोली खिडकीकडची. आजारी माणसाला वेगळं ठेवायला दुसरी खोलीच नसेल, तर कोणत्या नातेवाइकाकडे किंवा पालिकेच्या केंद्रात जायचं ते आधीच बोलून ठेवा. धारावीत घरात वेगळं राहणं शक्यच नव्हतं. तिथे पालिकेने आणि स्थानिक डॉक्टरांनी दारोदार तपासणी करून माणसांना संस्थात्मक विलगीकरणात नेलं आणि साथ आवाक्यात आणली. बाहेरची सोय घेण्यात कमीपणा नाही.

एक माणूस या यादीत हटकून राहून जातो. धुणंभांड्याला येणाऱ्या मावशी. त्या चार घरी जातात, बसने येतात आणि त्यांच्याही घरी कोणीतरी म्हातारं असतं. त्यांना सुट्टी द्यायची असेल तर पगारी द्या. ‘तुम्ही नका येऊ, साथ संपली की बघू’ असं सांगून आपण आपला धोका कमी केला आणि तो त्यांच्या चुलीवर नेऊन ठेवला, असं होतं.

पायरी ४: प्रत्येक बाहेर पडण्याची किंमत काढा

हवेतून पसरणाऱ्या आजारात चार गोष्टी विचारायच्या: हवा खेळती आहे का, किती वेळ, किती माणसं, आणि तोंडाने काय चाललंय? गप्प बसणं, बोलणं, ओरडणं आणि गाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१० मार्च २०२० ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट व्हॅलीमध्ये, एका गायकवृंदाची तालीम होती. ६१ माणसं, अडीच तास. दारात सॅनिटायझर ठेवला होता, गळाभेट-हस्तांदोलन टाळलं होतं. एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. पुढच्या काही दिवसांत त्याला धरून ५३ जण आजारी पडले, दोघं दगावले. त्याआधी २४ जानेवारीला चीनमधल्या ग्वांगझूत एका बिनखिडकीच्या हॉटेलात शेजारशेजारच्या टेबलांवर तीन कुटुंबं जेवली. एसी तीच हवा त्या टेबलांमध्ये फिरवत राहिला आणि आधीच लागण झालेल्या एकाला धरून दहा जण बाधित निघाले. जपानने त्याच मार्चमध्ये लोकांना तीन गोष्टी टाळायला सांगितल्या: कोंदट जागा, गर्दी, जवळून बोलणं. त्याच सुमारास मी दुधाची पिशवी घासत होतो.

आता आपल्या गावचं उदाहरण. सकाळी मंडईत जाऊन वीस मिनिटांत भाजी आणणं विरुद्ध चुलतभावाकडे रविवारचं जेवण. मनाला मंडई भीतिदायक वाटते, कारण तिथे परकी माणसं. भावाकडे ‘आपलीच’ माणसं. पण मंडई उघड्यावर, वेळ थोडा, तोंडावर मास्क. भावाकडे बंद हॉल, तीन तास, मास्क उतरवून जेवण आणि राजकारणावर वाद, म्हणजे आवाज चढलेला. विषाणूला नातं कळत नाही. माझ्या हिशेबी भावाकडचं जेवण मंडईपेक्षा कैक पटींनी महाग. तेच जेवण गच्चीवर, वाऱ्यात, दोन सतरंज्यांवर केलं तर किंमत एकदम उतरते. आम्ही पुढे तसंच केलं. वाद गच्चीवरही झालेच.

गर्दीचं गणितही करून बघण्यासारखं आहे. समजा, तुमच्या शहरात या घडीला दोनशे माणसांत एक बाधित फिरतोय. मग दहा जणांच्या जमावात निदान एक बाधित असण्याची शक्यता साधारण पाच टक्के. पन्नास जणांत बावीस टक्के. दोनशे जणांत त्रेसष्ट टक्के. २०२० मध्ये लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली तेव्हा ‘पन्नासच तर आहेत’ असं सगळे म्हणत होते. त्या पन्नासांत एक जण असण्याची शक्यता अशी पाचात एकपेक्षा जास्त होती, आणि तो पंगतीत आपल्या शेजारी बसणार नाही याची हमी कोणी दिली होती?

बाकी नेहमीच्या ठिकाणांचं पटकन सांगतो. लिफ्ट: वेळ अर्धा मिनिट, मास्क घालून गप्प उभे राहा, फार चिंता नको. सलून: अर्धा तास, चेहरा जवळ, दुपारच्या रिकाम्या वेळी जा आणि दार उघडं ठेवायला सांगा. बस: खिडकीची जागा, काच सरकवलेली. गर्दीच्या वेळेची लोकल: पर्याय नसेल तर चांगला मास्क, पर्याय असेल तर वेळ बदला. बंद खोलीतलं भजन आणि जिम: साथ चढणीला असताना सरळ नाही. बागेत चालायला जाणं: जरूर जा. २०२० मध्ये बागा बंद ठेवून माणसांना घरात कोंडलं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

पायरी ५: चाळणीवर चाळणी

कोणतीच खबरदारी पूर्ण नसते. प्रत्येक चाळणीला भोकं असतात, पण तीन चाळण्या एकावर एक ठेवल्या की फारच थोडं गळतं. स्वस्त चाळणी आधी लावा.

सर्वांत स्वस्त म्हणजे खिडकी. समोरासमोरच्या दोन उघडल्या तर उत्तम. एकच असेल तर टेबलफॅन तिच्याजवळ, तोंड बाहेर करून ठेवा: आतली हवा ढकलली जाते आणि दाराच्या फटीतून ताजी येते. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र हौस म्हणून घेतलं होतं, त्याने माझे डोळे उघडले. बाहेरची हवा साधारण ४२० (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) दाखवते. आमच्या बेडरूममध्ये दार-खिडकी लावून, एसी चालू ठेवून दोघं झोपलो तर पहाटे आकडा अठराशेच्या पुढे. खिडकी चार बोटं उघडली की तासाभरात आठशेच्या खाली. हा वायू म्हणजे विषाणू नव्हे, पण दुसऱ्याने सोडलेला श्वास खोलीत किती साचलाय ते त्यावरून कळतं. यंत्र नसेल तर नाक वापरा. बाहेरून आल्या आल्या खोली कुबट वाटली, तर ती कुबट आहे.

मग मास्क. एन-९५ चं कापड बारीक कणांपैकी ९५ टक्के अडवतं, पण गालाजवळ फट राहिली की हवा तिथूनच वाट काढते. घातल्यावर जोरात श्वास सोडा. चष्म्यावर वाफ आली तर नाकावरची पट्टी नीट दाबलेली नाही. झडपवाला मास्क घालणाऱ्यापुरता ठीक, पण त्यातून सोडलेला श्वास न गाळता समोरच्याच्या तोंडावर जातो, तो घरात आणूच नका. फडक्याचा मास्क काहीच नसण्यापेक्षा बरा, एवढंच. हनुवटीवरच्या मास्कबद्दल काही बोलत नाही.

हात धुणं नेहमीचं, साबणाने वीस सेकंद. पिशव्या, पार्सलं, भाजी यांचं निर्जंतुकीकरण मात्र कोविडसारख्या आजारात सोडून द्या. दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी, असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये म्हटलं. भाजी साबणाने धुऊन पोट बिघडवून घेणारे मला ठाऊक आहेत. साथ कॉलऱ्याची असेल तर सगळं उलटं: तिथे पाणी, हात आणि भांडी हेच रणांगण, मास्क निरुपयोगी. म्हणून पहिली पायरी आधी.

पायरी ६: खबरदारीचीही किंमत मोजा

मे २०२० मध्ये माझ्या एका काकांच्या छातीत दुखत होतं. दवाखान्यात गेलो तर कोविड लागेल, म्हणून दोन दिवस ओवा चावत बसले. झटका होता. वाचले, पण हृदयाचा एक भाग कायमचा गेला. त्या वयात छातीत दुखण्याचा धोका आणि तासभर दवाखान्यात मास्क घालून बसण्याचा धोका यांची तुलनाच होऊ शकत नाही.

छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, हातातली ताकद जाणं, पोटातलं बाळ हलेनासं होणं, यात साथीचा विचार करायचा नाही, निघायचं. लहान मुलांच्या लसी, टीबीची गोळी, डायलिसिस, केमो चुकवायची नाही. म्हाताऱ्या माणसाला सहा महिने खोलीत कोंडलं तर त्याचे गुडघे आणि डोकं दोन्ही जातात. आईची भिशी आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये, खुर्च्या लांब मांडून चालू ठेवली. तो धोका मी जाणून घेतला होता, आणि पुन्हा घेईन.

पायरी ७: घरातला डबा

थर्मामीटर, पल्स ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण दाखवणारं यंत्र), पॅरासिटामॉल, ओआरएस, नेहमीच्या गोळ्या महिनाभराच्या. महिनाभराच्या म्हणजे महिनाभराच्याच. वर्षभराचा साठा केला तर शेजारच्या आजोबांना मिळणार नाहीत. शिवाय एका कागदावर प्रत्येकाची औषधं, ॲलर्जी, विम्याचा क्रमांक आणि रात्री फोन उचलणाऱ्या दोन माणसांचे नंबर.

ऑक्सिमीटर लावताना बोट गरम हवं, नेलपॉलिश आणि मेंदी नको, पाच मिनिटं शांत बसलेलं हवं. आकडा स्थिरावल्यावर वाचा. ९४ च्या खाली गेला की डॉक्टरांना फोन. आकडा बरा असेल तर घरातल्या घरात सहा मिनिटं चालून पुन्हा मोजा: तीन किंवा जास्त अंकांनी उतरला तरी फोन. धाप लागली तर मध्येच थांबा, आणि आधीच हृदयाचं किंवा दम्याचं दुखणं असलेल्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालवू नका. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, म्हणून सुटा आकडा न पाहता उतरण पाहा. यासाठी प्रत्येकाचा निरोगी असतानाचा आकडा आजच लिहून ठेवा.

डब्यात काय नको? स्टिरॉइड. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने ऑक्सिजन लागणाऱ्यांचे जीव वाचले, न लागणाऱ्यांना मात्र फायदा दिसला नाही. आपल्याकडे लोकांनी पहिला भाग तेवढा ऐकला. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे जे रुग्ण दिसले, त्यांच्यामागे बेताल शुगर आणि सढळ हाताने दिलेली स्टिरॉइडं ही जोडगोळी वारंवार सापडली.

पायरी ८: नियम लिहा, त्यावर तारीख घाला

रोज सकाळी नव्याने ठरवायला बसलात तर घरात रोज सकाळी भांडण होईल. त्यापेक्षा शांत असताना ‘जर-तर’ लिहून फ्रिजवर लावा. रुग्ण आठवड्याच्या आत दुप्पट होत असतील तर बंद जागेतला कोणताच कार्यक्रम नाही. कोणाला साधी सर्दी झाली तरी तो वेगळं जेवेल, रॅपिड तपासणी निगेटिव्ह आली तरीही, कारण ती बऱ्याचदा चुकवते. आकडे सलग दोन आठवडे उतरले तर आधी उघड्यावरच्या गोष्टी सुरू, मग खेळत्या हवेच्या, बंद खोल्या शेवटी. व्हॉट्सॲपवर आलेल्या कशामुळेही नियम त्याच दिवशी बदलायचा नाही, दोन दिवस थांबायचं.

आणि चिठ्ठीवर ‘पुन्हा पाहणे’ची तारीख घाला, तीन आठवड्यांनंतरची. तारीख नसली की नियम सवय होऊन बसतो. आमच्या फ्रिजवर ती चिठ्ठी अजून आहे, चुंबकाखाली पिवळी पडलेली. ‘पिशव्या धुणे’वर माझी काट आहे. ‘पाहुणे’च्या पुढे मी ‘नाही’ लिहिलं होतं. त्याखाली आईच्या अक्षरात: ‘गच्चीवर चालतील. चहा मी वर पाठवीन.’